कळसच्या दोन याद्या

भिगवणहून फोन आला. एका हॉटेलवाल्याचा. "अन्वरभाई गेले... जेवता जेवता छातीत कळ आली." कुणीतरी चेष्टा करतंय असं समजून मी फोन ठेवला आणि खात्री करायला त्याच हॉटेलात उलटा फोन लावला. तोच आवाज आला. माझा स्वभावच असा संशयी. बारामतीतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माझा भागीदार अन्वर मुलाणी नेमका याच्या उलट. दूध सांडलं की मी मांजर शोधायचो, तो आधी भांड्याला भोक आहे का ते बघायचा.

कळसच्या पाणीवाटप संस्थेचा प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. कुठल्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी कधी, याची यादी त्यात असायची. सुरुवातीला यादीचा पूर्ण पत्ता प्रोग्राममध्येच होता : सी ड्राइव्ह, त्यात संस्थेची डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, आणि तिच्यात यादी. पुढे इंदापूरच्या मुख्य कार्यालयात युनिक्स नावाच्या वेगळ्याच प्रणालीवर चालणारं मशीन आलं. तिथे सी ड्राइव्ह हा प्रकारच नाही, पत्त्यातली तिरकी रेघ उलट्या बाजूला कललेली, आणि लहान-मोठी इंग्रजी अक्षरंसुद्धा ते वेगळी धरायचं. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालावा म्हणून अन्वरनं पूर्ण पत्ता काढून टाकला. आता प्रोग्राम ज्या कप्प्यातून चालू कराल तिथलीच यादी उघडायचा. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. 'तिथली' म्हणजे नेमकी कुठली? पण इंदापुरात ते झकास चाललं आणि मी गप्प बसलो.

थोड्याच दिवसांत कळसहून संस्थेचे अध्यक्ष आबा यांचं बोलावणं आलं आणि आम्ही दोघं तिथे गेलो. कार्यालयात काम करणारी संगीता कांबळे नवी नावं भरायची आणि सेक्रेटरींनी यादी काढली की त्यात ती नावंच नसायची. "आमची पाळी कुणी खाल्ली?" म्हणत लोक दारात येऊ लागले. "पोरगी नावं उडवतीया," आबा म्हणाले, "उद्यापास्नं तिला घरी बसवतो." संगीता भिंतीला टेकून उभी होती. मला तिचा संशय आला, कारण दुपारी ती एकटीच असायची. सेक्रेटरींचाही आला, कारण त्यांना तिचं नाव घ्यायची फार घाई होती. आणि खरं सांगायचं तर अन्वरचाही आला, कारण तो कुणाचीच बाजू घेईना.

तो म्हणाला, "आदी दोघांनी एकामागं एक चालू करून दावा." संगीता मशीनवर आधी संस्थेच्या डिरेक्टरीत शिरली आणि मग तिनं प्रोग्राम चालू केला. नवी नावं सगळी जागेवर. सेक्रेटरींनी शिरायचा कंटाळा म्हणून डिरेक्टरीच्या बाहेरूनच चालू केला, तर पडद्यावर जुनीच यादी. चाचणीसाठी बाहेर ठेवलेली ती यादी पुसायची अन्वर विसरला होता. मी त्याला कोपरानं ढोसलं. मशीन बिघडलंय म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. पण तो सरळ बोलला, "आबा, चूक माझी हाय. हिनं एक नाव सुदिक उडवलं न्हाय." मग प्रत्येक मशीनवर मूळ जागा एकदाच लिहून ठेवायची आणि बाकीचे पत्ते तिथून धरायचे, अशी सोय त्यानं केली; आता कुठूनही चालू केलं तरी एकच यादी उघडायची. संगीताची नोकरी राहिली, चूक कबूल केल्यामुळे इंदापूरचं पुढचं काम मात्र आमच्या हातून गेलं. मी त्याच्याशी बरेच दिवस धड बोललो नाही. आणि सेक्रेटरींचं बोट इतक्या पटकन तिच्याचकडे का वळलं, हा माझा संशय अजून फिटलेला नाही.

गेल्या आठवड्यात संगीता दुकानात आली. हिचं आता काय काम, असंच आधी मनात आलं. ती उंबऱ्याशीच थांबली.

"अन्वरदादांचं लई उशिरा कळलं, भाऊ... तवा समदी मला इचारायची, तू उडवलं का म्हणून. मी न्हाय म्हणायची. पर मनात यायचं, माझ्याच हातनं पुसलं जात आसंल. माझा माझ्यावरच इस्वास राहिला नव्हता."

मी त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांवर संशय घेतला होता. ही पोरगी स्वतःवरच संशय घेत उभी आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अन्वरला ते दिसलं असेल का? आता कुणाला विचारू...

तो गेल्यापासून त्याच्या खुर्चीवर मी कुणालाच बसू दिलं नव्हतं. ती ओढून मी पुढे केली आणि म्हणालो, "बस."