पदराखालचा दोन डोळ्यांचा कॅमेरा: जानेफळ ते नांदुरा

वसंताचा, म्हणजे माझ्या थोरल्याचा, नांदुऱ्याहून फोन आला. "आई, बाबांचा कॅमेरा मित्राले देऊन टाकतो. त्यानं हायवेवर हॉटेल काढलं, भिंतीवर लावतो म्हणे. तसाही बंदच हाये तो."

"बंद हाये असं तुले कॅमेऱ्यानं सांगितलं का बे?"

तिथेच प्रवास ठरला. कॅमेरा मी स्वतः घेऊन येणार, वाटेत फोटो काढणार. एक जरी फोटो आला तर कॅमेरा माझा. रोल कोरा निघाला तर खुशाल खिळ्याला टांगा. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आहे आणि नात मुक्ता लिहिते आहे. मधेमधे ती हसते, ते तिने लिहिलेलं नाही.

आधी कॅमेरा सांगते. उभा डबा, पुढून एकावर एक दोन भिंगं. खालचं फिल्मवर फोटो उतरवतं, वरचं नुसतं बघायला. आत तिरपा आरसा, त्यामुळे समोरचं चित्र डब्याच्या माथ्यावरच्या काचेवर येतं. डबा पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून बघायचं. त्याआधीच्या मोठ्या पेट्यांमध्ये फिल्म सरकवली की बघायची काच झाकली जायची, फोटोवाला आंधळा. इथे वरचा डोळा शेवटपर्यंत उघडा. हा घाट जर्मनीत गाजला, मग जपानने उचलला, असं मुक्ताने शोधून काढलं. आमच्याकडे तो अकोल्याच्या एका मोडलेल्या स्टुडिओतून आला.

यजमानांचं जानेफळात फोटोचं दुकान होतं, पण बाया परक्या पुरुषासमोर उभ्या राहत नसत. म्हणून त्यांनी मला शिकवलं. सासूबाईंचा नियम होता, सुनेने डोक्यावर पदर घ्यावा आणि नजर खाली ठेवावी. मी दोन्ही पाळलं. नजर खाली काचेवर, आणि काचेवर ऊन पडू नये म्हणून वरून पदर. अख्खं गाव असं मान खाली घालून बघितलं, कोणाची बोलायची टाप नव्हती.

हिवाळ्यात निघालो. जानेफळहून मेहकर, तिथून चिखली, सगळं एसटीने. पंचाहत्तरी उलटली असेल तर आधार कार्ड जवळ ठेवा, तिकीट लागत नाही. मुक्ताला बाई म्हणून अर्धं पडलं. शेवटच्या सीटवर मात्र बसू नका, हाडं मोजून मिळतात.

कंडक्टर म्हणाला, "आजी, मांडीवर काय डबा घेऊन बसल्या? भाजी हाये काय?"

"फोटो काढते थो. थांब, तुहाच काढतो."

"अन् माह्याकडे पाहूनच नाही राह्यल्या तुम्ही!"

"तुह्याकडे पाहाले काय हाये बाप्पा? खाली काचेत तू बरा दिसतं."

सगळी बस हसली. पण बसमध्ये उजेड कमी, आणि या वयात कॅमेऱ्याच्या झडपेचा उघडून मिटायचा एकच जलद वेग शाबूत उरला आहे. त्याला कडक ऊन लागतं. म्हणजे तो फोटो गेला, हे मला तेव्हाच कळलं.

चिखलीच्या स्टँडवर चहा प्यायलो आणि खामगावच्या गाडीने उंद्रीला उतरलो. तिथे माझी नणंद, गयाबाई. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीची आमटी आणि असा ठेचा की मुक्ता फोन विसरली. हॉटेलात जेवायचं सोडा, कोणाच्या घरी ओळख काढा.

गयाबाई अंगणातल्या उन्हात बसायलाच तयार नाही. "तोंडात दात नाही वहिनी, काऊन माही फजिती करून राह्यली?"

"दात मागितले कोणी? तोंड मिटून बस."

मुक्ताने हौसेने डबा धरला. गयाबाई काचेत डावीकडे निसटते म्हणून तिने डबा डावीकडे वळवला, तर काचेत गयाबाई आणखीच पळाली. आरशामुळे काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. "उलटी फिर व माय," मी म्हटलं, डबा घेतला, वरून पदर ओढला. गयाबाई माझ्यावर चिडून बघत असतानाच बटण दाबलं.

मग खामगावमार्गे नांदुरा. हॉटेलात अंधार आणि एसी. भिंतीवर कंदील, बैलगाडीचं चाक, जातं, आणि मधोमध एक रिकामा खिळा. जात्याला तर त्यांनी वार्निश लावलेलं! वसंता आणि त्याचा हॉटेलवाला मित्र पप्पू शेठ हात पसरून उभे.

"द्या काकू."

"आधी फोटो. उन्हात ये."

पप्पू शेठ बाहेर आला आणि म्हणाला, "कॅमेरा माह्या हातात देऊन काढा ना माहा फोटो."

"मंग फोटो कायनं काढू, लाटण्यानं?"

वसंता पुटपुटला, "आई, हट्ट करून राह्यली तू."

"हाव, करून राह्यली," म्हटलं आणि बटण दाबलं. डबा पिशवीत घातला आणि परत घेऊन आले. निकाल लागेपर्यंत माल द्यायचा नसतो.

रोल मुक्ताने पुण्याला धुवायला पाठवला. रोल आणि धुलाई मिळून आमच्या प्रवासापेक्षा महाग पडली, हौस असेल तर आधीच धरून चाला. फोटो फोनवर आले. बसमधला काळा. बाकी एकच. उंद्रीला फोटो काढल्यावर फिल्म पुढे सरकवायची चावी मी फिरवलीच नव्हती. नव्या कॅमेऱ्यात ती चूक होऊ शकत नाही, या डब्यात होते, आणि एकाच फिल्मवर दोन फोटो चढतात. पप्पू शेठच्या शर्टावर, बरोब्बर छातीत, गयाबाई डोळे वटारून बसलेली.

वसंता फोनवर म्हणाला, "हा खराब झाला, धरायचा नाही."

"एक फोटो ठरला होता. मी एकात दोन देले."

त्याने फोन ठेवला. म्हटलं खरं, पण चूक माझ्या अंगठ्याची होती. तेवढ्यात गयाबाईचा फोन. मुक्ताने पाठवलेला फोटो तिच्या नातवाने तिला दाखवला होता.

"वहिनी, त्या मेल्याच्या छातीवर मले काऊन बसवलं? मी रविवारी येतो तुह्याकडं, नवं लुगडं नेसून. अन् माह्यासंगं दोघी-तिघी येऊन राह्यल्या. एकेकीचा येगळा काढजो!"

मी मुक्ताला सांगून वसंताला फोन लावला. म्हटलं, तुह्या पप्पू शेठले सांग, खिळा उपटून टाक. कॅमेऱ्याले काम लागलं.