महिषासुरावरचे तीन वार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि देवीपुढे हात जोडून उभा असतो तेव्हा तिलाही नाही. तिला सांगायची गरज नाही म्हणा. ती त्या सकाळी आली नव्हती, हे तिला ठाऊकच आहे.

आमच्या मोखाड्याकडे बोहाडा असतो. गावातले पुरुष देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून सांबळाच्या तालावर नाचत जातात. कुठलं सोंग कुठल्या घराचं, हे पणजोबांपासून ठरलेलं. देवी आमच्या घराची. महिषासुर माझा चुलतभाऊ सोमा याच्या घराचा. शेवटच्या दिवशी, उजाडताना, देवी महिषासुराला मारते — म्हणजे तो गुडघे टेकतो, मी तलवार त्याच्या मानेला लावतो, लोक हात जोडतात आणि घरी जातात. तलवारीला धार नाही. पण लोखंड ते लोखंड.

आता ऐका — नाही, आधी थप्पड सांगतो. मी तेव्हा जव्हार-मोखाडा जीप चालवायचो. एका बाजाराच्या दिवशी पिऊन स्टिअरिंगवर बसलो होतो, मागे बायाबापड्या कोंबलेल्या. सोमाने किल्ली काढून घेतली आणि सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. "मरायचा तं एकला मर," म्हणाला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. हे मला तेव्हाही कळत होतं — म्हणूनच तर जास्त झोंबलं. दोन महिने मी ती थप्पड चघळत होतो. जेवताना, गिअर टाकताना. त्याचं डोकं फोडायचं, एवढंच मनात.

मग बोहाडा आला. मी उपास धरला, मुखवटा चढवला. मुखवटा चढला की वारं येतं, माणूस स्वतःचा राहत नाही, असं लोक मानतात. कधी कधी येतंही — माझ्या बापाला येताना मी पाहिलंय. मला त्या सकाळी आलं होतं का? मला सगळं दिसत होतं. मुखवट्याच्या भोकांतून सोमाची मान दिसत होती, तिच्यावरचा घाम दिसत होता. त्याने गुडघे टेकले. मी घुमलो, किंचाळलो — वारं आल्यासारखं करायला काय लागतं? — आणि तलवार दोन्ही हातांनी उचलली.

पहिला वार खांद्यावर. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्याने मान वर केली, तेव्हा दुसरा, तोंडावर. मुखवटा उभा चिरला आणि त्याची ढलपी सोमाच्या उजव्या डोळ्यात गेली. तो पडला. आणि तिसरा — खरं तर हा तिसराच मला सांगायचा आहे. तो "आय, आय" करत मातीत पडला होता. मी थांबू शकत होतो. मी पाय रोवले, नेम धरला आणि बरगडीत मारला. मला बरं वाटलं.

कुणी मला धरलं नाही. देवीला कोण धरणार? सोमाच्या आईने, माझ्या सख्ख्या काकीने, रडत रडत माझ्यापुढे नारळ फोडला.

सोमा जगला. डोळा गेला, एक हात खांद्याच्या वर जात नाही. मला वाटलं होतं, त्याला थप्पड आठवेल, तो समजून जाईल. त्याने उलटंच धरलं. "आयनी डोला नेला, जीव ठेवला," तो म्हणतो. "मारता मारता ती थांबली. मंग आता कशाला भ्यायचा?" आणि तो खरंच भीत नाही. बायको साप चावून गेली, तरी मोडला नाही. महिन्याभरात एका हाताने नागलीची लावणी करत होता. पाड्यावर आजारपण येवो, भांडण होवो, लोक त्याच्या ओट्यावर जाऊन बसतात. नुसतं बसलं तरी धीर येतो म्हणतात. देव तारी त्याला कोण मारी — हे ते माझ्यासमोर म्हणतात, आणि मीही मान हलवतो.

मी मात्र कडी दोनदा चाचपल्याशिवाय झोपत नाही.

खूप वर्षं मी स्वतःला समजावलं, की गप्प राहतोय ते त्याच्यासाठी. सांगितलं तर त्याची श्रद्धा मोडेल, मग त्याच्याजवळ काय उरेल? केवढा भला माणूस मी, नाही का? खोटं आहे ते. त्याची श्रद्धा माझ्या तलवारीवर उभी नाही. ती मोडणार नाही. मोडेन तो मी. ज्याच्या अंगात देवी खरी आली तो माणूस म्हणून बाया माझ्या पायावर लेकरं घालतात, आणि मला ते आवडतं.

यंदा सोमाच्या मुलाने महिषासुर घेतला. चांगला बाप्या झालाय तो, लग्न झालेला. सोमा बाजूला उभा राहून त्याला म्हणाला, "खरा वार आला तरी हालू नको. आय हाय." तो माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि तसूभरही हलला नाही. मी तलवार त्याच्या मानेला नुसती टेकवली. मग सोमा दरवर्षीसारखा पुढे आला, वाकला, आणि चांगल्या हाताने माझे पाय धरून म्हणाला, "आय, तुजाच आधार."

मी पाय मागे घेतले नाहीत.