माडीच्या फळ्यांचं टेबल

शेजारच्या सुताराने आज जुन्या सागवानावर रंधा मारला आणि त्या वासासरशी मला विठ्ठलवाडीची आमची खोली आठवली. एका पाडलेल्या चाळीच्या माडीच्या फळ्या पप्पांनी आणल्या, खिळे उपटले, घासून गुळगुळीत केल्या आणि जेवणाचं टेबल बनवलं. आई त्यावर ताट ठेवेना.

"लोकांनी चपला घालून तुडवलेल्या फळीवर जेवायचं?"

कुठल्याही वादात शेवटचा शब्द पप्पांचा असे. त्यांनी फळ्या उलटून पुन्हा ठोकल्या.

"ही खालची बाजू. खालच्या बिऱ्हाडाचं छत होतं हे. छतावर उलटं कोण चालणार?"

आईने क्षणभर विचार केला. "पाली."

पप्पांनी हातोडी खाली ठेवली. आईने पदराने टेबल पुसलं आणि आनंदाने वरणभात वाढला.

तेव्हा मला वाटलं, आई हरली.