चांगुणाताईंच्या वाट्याची खोली

अंबरनाथला लागून असलेल्या मोरिवलीतून दर हिवाळ्यात विहारातल्या बायकांची सहल निघते. कधी वेरूळ-अजिंठा, कधी नागपूरची दीक्षाभूमी, कधी थेट बोधगया. ही सहल काढतात चांगुणाताई उबाळे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली. रडणारी, मारामाऱ्या करणारी, चप्पल हरवणारी पोरं सांभाळलेल्या बाईला पन्नाशी ओलांडलेल्या बायका सांभाळणं काय जड? फरक एवढाच, की पोरं खोलीवरून भांडत नाहीत.

खोल्यांवरूनच सहली मोडतात, हे चांगुणाताईंनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. एकीच्या नळाला गरम पाणी आणि दुसरीच्या नळाला वाराच, एवढं एक कारण पुरतं; मग परतीच्या वाटेवर कुणी कुणाशी बोलत नाही. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली. हॉटेलात पोचलं की बायकांनी खाली बॅगांवर बसून राहायचं. चांगुणाताई वर जाऊन एकूण एक खोली बघून येणार. त्यातली सगळ्यात चांगली सोबत आलेल्या भन्तेजींना. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि ज्या जोडीला जी येईल ती तिची. आणि सगळ्यात वाईट म्हणून बाजूला काढलेली खोली एकट्या चांगुणाताईंची. त्यावर कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलं की कुणीतरी विचारायचंच, "काय दिसलं ताई खिडकीतून?" मग चांगुणाताई चहाचा कप खाली ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. औरंगाबादला खिडकीखाली लग्नाच्या हॉलची मागची बाजू होती. बँडवाल्यांना कपडे बदलताना बघून त्यांनी रात्रभर पडदा धरून ठेवला होता. नागपूरला खिडकी उघडली तर पलीकडच्या हॉटेलातला माणूस हातभर अंतरावर दाढी करत होता. त्याने 'गुड मॉर्निंग' म्हटलं, यांनी 'जयभीम' म्हटलं. एका गावी तर मखमली पडदा सारल्यावर खिडकीच नव्हती, नुसती भिंत. बायका हसून लोटपोट व्हायच्या, आणि हसता हसता आपल्या ओल्या गाद्या नि गळके नळ विसरून जायच्या. बोलणं खरं असायचं म्हणूनच ते हसू यायचं. चांगुणाताईंची सगळी पत त्या नाश्त्याच्या टेबलावर उभी होती, म्हटलं तरी चालेल.

या सगळ्या वर्षांत त्यांचे यजमान शंकरराव एकदाही सोबत आले नव्हते. आधी केमिकल कंपनीची पाळी आडवी आली आणि कंपनी सुटल्यावर छाती. चार पावलं चालले की थांबायचं, श्वास जमा करायचा आणि मग पुढचं पाऊल. घरी दिवसभर ते खिडकीशी बसून असत. खिडकीसमोर काय, तर त्याच कंपनीची कंपाउंडची भिंत. जिथे उमेदीची वर्षं घालवली तीच भिंत म्हातारपणी समोर घेऊन बसायचं, याची चांगुणाताईंना मनापासून चीड यायची. शंकरराव कधी काही बोलत नसत. यंदा बोधगया ठरली तेव्हा मात्र ते हळूच म्हणाले, "मला नेशील? देवळात गर्दीत नाही जमायचं मला. पण लांबून शिखर दिसलं तरी पुरे." लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला सिंधी ट्रॅव्हलवाला फोनवर म्हणाला होता, "दीदी, टेंपल व्ह्यू है, फिकर नॉट." पोचल्यावर कळलं की टेंपल व्ह्यू आहे, पण एकाच खोलीला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचा पडदा सारला आणि चांगुणाताई जागच्या जागी थबकल्या. महाबोधीचं शिखर समोर उभं, मध्ये एक झाड नाही, एक तार नाही. बाकीच्या खिडक्यांतून टाक्या, भिंती आणि वाळत घातलेल्या चादरी. सगळ्यात वाईट खोली मागच्या अंगाला होती, भटारखान्याच्या धुराड्यासमोर. ती रीतीप्रमाणे त्यांची. त्या धुरात शंकररावांना कसं ठेवायचं?

खाली आल्यावर त्यांनी शिखरासमोरच्या खोलीची किल्ली भन्तेजींना दिली, तर ते म्हणाले, "चांगुणाताई, इथल्या विहारात आमच्या ओळखीचे भन्ते आहेत, मी तिकडेच उतरतो. माझी खोली कुणाला तरी द्या." आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवून निघालेसुद्धा.

ती किल्ली डब्यात जायला हवी होती. चिठ्ठी करायला किती वेळ लागतो? चांगुणाताईंनी ती पदराच्या टोकात गुंडाळली आणि उरलेल्या खोल्यांचा डबा बायकांपुढे धरला. धुराड्यासमोरची खोली कुलपातच राहिली. मांजर्लीच्या सुंदराबाई आणि कात्रपची तरुण राजसी यांच्या चिठ्ठीत जनरेटरवरची खोली निघाली. सुंदराबाईंनी नाक मुरडलं, मग स्वतःच हसल्या. "पावसाळ्यात आमच्या घरात नदी येते, इथं जनरेटर येईल. चालायचंच."

संध्याकाळी शंकरराव खिडकीशी बसले ते जेवायलासुद्धा उठेनात. शिखरावर दिवे लागले तसे त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. "चांगुणा," एवढंच म्हणाले. चांगुणाताईंना वाटलं, झालं ते बरोबर झालं. आपण इतकी वर्षं भिंती बघितल्या, या माणसाने एकदा शिखर बघितलं तर कुणाचं काय गेलं?

सकाळी बोधिवृक्षाखाली वंदना झाली. शंकररावांना व्हीलचेअरवरून नेलं होतं. सगळ्यांनी पंचशील म्हटलं, त्यात खोटं न बोलण्याचं चौथं शीलही आलं. आणि तासाभराने नाश्त्याला पुरी-भाजी आली तशी राजसी म्हणाली, "मावशी, बोलो ना! यंदा क्या दिखा?"

चांगुणाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. सगळ्या बायका माना वर करून वाट बघत होत्या.

"धुराडं," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडली की फोडणीचा वास. सकाळी तर मला कळेना, आपण झोपलोय की कढईत पडलोय."

हशा पिकला. धुराडं त्यांनी स्वतः बघितलेलं होतं, त्यामुळे वर्णनात काही कमी नव्हतं. शेजारी शंकररावांचा पुरीचा घास हातातच राहिला.

वर खोलीत आल्यावर ते म्हणाले, "खोली परत करू या."

"अहो, कशाला? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना." त्यांना धाप लागली होती, पुढचं बोलवेना. चांगुणाताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. शंकररावांनी ती फिरवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. चांगुणाताईंना रागही आला आणि रडूही. एवढं ज्याच्यासाठी केलं, त्यानेच पाठ फिरवावी?

दुपारी दार वाजलं. दारात सुंदराबाई, दोन्ही हातांत दोन पिशव्या, मागे राजसी बॅग ओढत आलेली.

"काउंटरवर विचारत विचारत आले," सुंदराबाई धापा टाकत म्हणाल्या. "चल, उचल सामान. भाऊंची छाती अशी, आणि तू त्यांना धुरात ठेवतेस? आमच्याकडे आवाज आहे, पण धूर नाही. आम्ही दोघी धडधाकट आहोत, राहू इथं."

चांगुणाताई दार अडवून उभ्या राहिल्या. "नको गं, आमचं ठीक आहे."

"ठीक कसलं? सरक." सुंदराबाईंनी त्यांना हातानेच बाजूला केलं आणि आत शिरल्या. समोर शिखर. दुपारच्या उन्हात लख्ख.

पिशव्या हातातच राहिल्या. मग सुंदराबाईंनी त्या खाली ठेवल्या, शिखराकडे बघून हात जोडले. राजसी बॅग दारातच सोडून खिडकीशी गेली. 

"भन्तेजींची खोली," चांगुणाताई पुटपुटल्या. "यांच्यासाठी घेतली. एकदाच."

सुंदराबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊंसाठी मागितली असतीस तर आम्ही चिठ्ठी काढलीच नसती गं. एकीनेही." मग म्हणाल्या, "म्हणजे दर वर्षीच्या त्या खोल्या... त्या पण अशाच होत्या का?"

"नाही! सुंदरा, शपथ! ही पहिलीच."

"असेल. पण आता आम्हाला कसं कळायचं?"

चांगुणाताईंनी शंकररावांकडे बघितलं. पण ते काय सांगणार? ते कधी आलेच नव्हते. बँडवाले, दाढीवाला, पडद्यामागची भिंत, यातलं एकही दुसऱ्या कुणी बघितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांचं खरं एका खोट्याने बाद झालं होतं आणि ते परत आणायला जगात एक साक्षीदार नव्हता.

संध्याकाळच्या चहाला त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगून टाकलं. काय केलं, का केलं आणि नाश्त्याला काय खोटं बोलल्या. बायका म्हणाल्या, "अगं ताई, त्यात काय? भाऊंसाठीच केलंस ना." कुणी पाठीवर हात ठेवला. खोली तुम्हीच ठेवा, असं सगळ्यांनी एका आवाजात ठरवलं. चिठ्ठी काढू म्हटलं तर कुणी ऐकेना. म्हटलं तर प्रकरण मिटलं.

पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कुणीही विचारलं नाही, काय दिसलं म्हणून. सगळ्या भरभर खात होत्या, हवेबद्दल बोलत होत्या. त्यांना चांगुणाताईंना दुखवायचं नव्हतं, हे चांगुणाताईंना कळत होतं. तेच जास्त लागत होतं. शिव्या घातल्या असत्या तर परत भांडता तरी आलं असतं.

पुढचा मुक्काम सारनाथ. चिठ्ठ्या निघाल्या, वाईट खोली चांगुणाताईंकडे आली. भाऊंसाठी आमची खोली घ्या, असं दोघी-तिघी म्हणाल्या. शंकरराव नाही म्हणाले. खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत. हात बाहेर काढला तर विटांना लागेल एवढ्यावर. शंकररावांनी खरंच हात बाहेर काढून बघितला.

सकाळी बायका टेबलावर बसल्या. पोहे आले, चहा आला. पुन्हा हवेच्या गप्पा. चांगुणाताई खाली मान घालून चमच्याने पोहे इकडून तिकडे करत होत्या. सहल काढण्याची ही शेवटची वेळ, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

तेवढ्यात शंकररावांनी खुर्ची पुढे ओढली. चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. श्वास जमवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काय गं चांगुणा, काय दिसलं खिडकीतून?"

सगळ्यांनी माना वर केल्या. एकाच खोलीत झोपलेला नवरा बायकोला विचारतोय.

"भिंत," चांगुणाताई कशाबशा म्हणाल्या.

"भिंतच आहे," शंकरराव टेबलाकडे वळून म्हणाले. "मी हात लावून बघितली." आणि त्यांनी उजवा तळवा सगळ्यांना दाखवला. त्यावर अजून विटेची लाल धूळ होती.

सुंदराबाईंनी तो हात बघितला. मग चहाचा कप खाली ठेवला, पदर सावरला आणि चांगुणाताईंकडे सरकून बसल्या.

"कसली भिंत गं?" त्या म्हणाल्या. "नीट सांग."