सातवी पायरी

ब्रॉडवेवरच्या एका नाटकगृहात ऑर्विल टॉलिव्हर अकरा वर्षं सुतारकाम करत होता. दर उन्हाळ्यात नाचगाण्यांचा नवा खेळ बसायचा. १९१६च्या खेळासाठी त्याने चंदेरी जिना बांधला. डोक्यावर पिसांचे जड मुकुट घेऊन वीस मुली त्यावरून उतरायच्या. खाली बघायचं नाही, हसत राहायचं.

तालमीत व्हर्ना नावाची मुलगी सातव्या पायरीवर अडखळली आणि तिचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर आणखी दोघी पडल्या.

"पोरी धांदरट आहेत," मॅनेजर म्हणाला.

ऑर्विलने पायऱ्यांना मोजपट्टी लावली. प्रत्येक पायरी बरोबर सात इंच उंच.

"मोजमाप चोख आहे," तो म्हणाला.

"ते माझ्या घोट्याला सांगा," व्हर्ना म्हणाली.

ऑर्विलला चैन पडेना. मग तिघी एकाच जागी का पडल्या? तो कपडेपटात गेला आणि तिथलं काम बघणाऱ्या लिंडाउअरबाईंकडे त्याने सगळ्यांत जड मुकुट मागितला. उंच टाचांच्या बुटांचा मात्र एकच जोड त्याच्या मापाचा निघाला, म्हातारीचं सोंग करणाऱ्या नटाचा.

"मिशी काढणार का?" बाईंनी विचारलं.

"ती राहू द्या."

मुली हसून लोटपोट झाल्या, पण ऑर्विल मान ताठ ठेवून जिन्यावरून सरळ खाली उतरला. कुठेच अडखळला नाही. तो खट्टू झाला. पायथ्याशी वळून त्याने रिकाम्या जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सगळ्या वर चढा. आपापल्या जागी उभ्या राहा."

मुली उभ्या राहिल्यावर तो त्यांच्यामधून पुन्हा उतरू लागला. सातव्या पायरीवर त्याचा पाय क्षणभर अधांतरी राहिला आणि तो धपकन बसला. मुकुट घरंगळत वादकांत गेला.

"कुणी हलू नका," तो बसल्या बसल्याच म्हणाला. चेहरा उजळला होता. "पट्टी द्या."

पायरी अर्धा इंच खोल गेली होती. तिथेच जिन्याचे दोन भाग जोडलेले होते, आणि मुलींचं वजन पडलं की खालचा भाग दबत होता. त्याने आजवर रिकामा जिना मोजला होता.

त्याने सांध्याखाली जाड खांब ठोकला. अर्धा दिवस फुकट गेला म्हणून मॅनेजरने कुरकुर केली. व्हर्नाचा पाय बरा झाला आणि त्या मोसमात कुणीच पडलं नाही. पुढे प्रत्येक नव्या जिन्यावर ऑर्विल आधी मुलींना उभं करायचा, मगच पट्टी काढायचा.