मानेची पारख

नागोराव उस्ताद रामराम नंतर करायचे, आधी माणसाची मान धरायचे. आपला पंजा मानेमागून घालून दोनदा दाबायचे आणि मगच "बस" म्हणायचे. माझ्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर ते पुढे आले, माझी मान दाबली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर निकाल दिला, "चालंल. संसारापुरती हाय." माझ्या सासऱ्यांचा चेहरा उतरला. उस्तादांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे कौतुकच, हे त्यांना कोण सांगणार?

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून फार लांब नाही. उस्तादांचं शेत माझ्या बांधाला लागून. तरुणपणी त्यांनी नांदेड-परभणीपर्यंतचे कुस्तीचे फड गाजवले होते आणि म्हातारपणी गावच्या जत्रेत कुस्त्यांची जोड लावायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. ज्याच्या मनगटात कडं, तो मानाचा पैलवान. त्याला कुणीही आव्हान द्यावं, पण आधी उस्तादांच्या पंजाखालून जावं, अशी आमच्याकडची रीत. उस्ताद कुस्तीच्या हौदातली माती कपाळाला लावत, आव्हान देणाऱ्याची मान दाबत, कान चाचपत. "जोड हाय" म्हणाले की हलगी कडाडायची. "जोड लागत न्हाई" म्हणाले की गडी मुकाट्यानं खालच्या कुस्तीत जायचा.

कडं त्या काळात माणिककडे होतं. हा उस्तादांचाच पठ्ठा. बाप लवकर गेलेला, म्हणून उस्तादांनी त्याला घरी आणलं, घरच्या म्हशीचं दूध पाजलं, पहाटे उठवून मातीत घोळवलं. त्यानं पहिल्यांदा कडं जिंकलं ते एका उताराला लागलेल्या पैलवानाकडून, पण जिंकलं खरं. त्या दिवशी उस्ताद मला म्हणाले, "आता ह्याला एक खरा गडी भेटू दे. मंग मी डोळे मिटाया मोकळा." त्यांना दुसरं काही नको होतं.

पण माणिकला गावच्या देशमुखांनी उचललं. बदाम, तूप, रेशमी फेटा, वाड्यावर मुक्काम. आपला पैलवान पडला तर आपली मिशी खाली येते, म्हणून देशमुख माणसं पाठवून आव्हान देणारे शोधून आणू लागले. काय एकेक ध्यान! एकदा एक तुपाळ गडी आला. त्याचं पोट आधी हौदात उतरलं, मागून तो. उस्तादांनी त्याची मान दाबली आणि हात धोतराला पुसला. "ह्याला पाडायला पैलवान कशाला? जिलबीचं ताट दाखवा, आपोआप आडवा होतो." दुसऱ्या वर्षीचा मिशाळ होता. शड्डू असा ठोकायचा की झाडावरचे कावळे उडावेत. उस्तादांनी त्याचा कान धरून लोकांना दाखवला. "बघा, नागवेलीचं पान! मातीत घासला असता तर कान असा राह्यला असता का?" तिसरा तर तापानं फणफणलेला होता. त्याला दोघांनी धरून आणलं होतं.

उस्ताद दर वेळी "जोड लागत न्हाई" म्हणायचे आणि पंच दर वेळी कुस्ती लावायचे. "उस्ताद, लोक कुस्ती पाहायला आलेत," एक पंच एकदा चिडून म्हणाला. उस्ताद म्हणाले, "मंग कुस्ती दाखवा की! हे काहून दाखवून राहिले?"

मी त्यांच्या शेजारीच उभा असायचो. माणिक त्या बापड्याला दोन मिनिटांत चीत करायचा, मग फेटा उडवत हौदाला फेऱ्या मारायचा. लोक खांद्यावर घ्यायचे. मला शिसारी यायची. नासलेलं दूध चांदीच्या पेल्यात दिलं म्हणून काही पिववत नाही. उस्ताद घरी येऊन भाकरीचं ताट सरकवून द्यायचे. "मी ह्याला वाढवलं, त्यायनी ह्याला सजवलं," म्हणायचे.

मग ती जत्रा आली. रझाकारांची धामधूम सुरू होण्याआधीची शेवटची. देशमुखांनी आणलेला मिशाळ पुन्हा हजर होताच. त्याच्या मागून थावरा नावाचा एक गडी पुढे आला. लमाणांच्या तांड्यावरचा, शेती करणारा, अंगानं उगाच मोठा नाही. कान मात्र मोडून गोळा झालेले. उस्तादांनी मान धरली आणि पंजा तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "जोड हाय!"

हलगी वाजली. माणिक उठला नाही. गुडघा धरून बसला. देशमुख म्हणाले, "पैलवानाला तकलीफ आहे. आणि तांड्यावरच्या माणसाची मानाच्या कुस्तीत काय गरज?" उस्तादांनी तिकडे पाहिलंही नाही. ते माणिकसमोर बसले, गुडघा दाबून पाहिला. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

"काहून रे?" त्यांनी हळूच विचारलं.

माणिकनं गुडघ्यावरचा हात काढला. "उस्ताद, आजवर आले ते पडायलाच आले. माझ्यात काय हाय, मला काय ठावं?"

"तेच कळाया उतर, लेकरा."

तो उतरला नाही. थावरा बराच वेळ हौदात उभा राहिला, मग मातीला हात लावून निघून गेला. आणि त्यानंतर जे झालं ते आठवलं की आजही माझं तोंड कडू होतं. पंचांनी मिशाळाला उतरवलं आणि माणिकचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला! चितपट, फेटा, फेऱ्या, सगळं झालं. उस्तादांनी कपाळावरची माती उपरण्यानं खरवडून पुसली. त्यानंतर ते हौदापाशी कधी गेले नाहीत.

निजामी गेली त्या वर्षी उस्तादांनी अंथरूण धरलं. मी उशाशी होतो. एका दुपारी माणिक आला. चेहरा सुजट, पोट सुटू लागलेलं. त्यानं कडं काढून वाकळेवर ठेवलं. "हे तुमचं, उस्ताद. माझ्या हाताला टोचतं."

उस्तादांनी कड्याकडे पाहिलं नाही. हात उचलायचा प्रयत्न केला. माणिकला कळलं. एवढा आडदांड गडी, पण गुडघे टेकून त्यांच्या हाताखाली वाकला. तो वाळलेला पंजा मानेवर बसला, एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबायला ताकद उरली नव्हती. मला वाटलं, आता शिव्या बसणार. माणिकही त्याच तयारीनं आला असावा.

"लई चांगली मान व्हती रे," उस्ताद म्हणाले. "थावऱ्याला तू पाडलं असतंस."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. माणिक तसाच वाकलेला राहिला. उस्तादांचा हात मानेवरून घसरून पडला तरी त्याला मान वर करता आली नाही.