बेटावर जायचं तर पाणी कोण भरणार?

आमच्याकडे माळावर एकट्याच उभ्या असलेल्या डोंगराला बेट म्हणतात. भोवती पाण्याचा थेंब नसला तरी ते बेटच. आमच्या गावापासून कोसभरावर असं एक बेट आहे. वर महादेवाचं छोटं देऊळ, आणि देवळामागच्या सपाट खडकावर उभं राहिलं की चारी बाजूंचा मुलूख ताटात वाढल्यासारखा दिसतो. उदगीर-मुखेडच्या मधल्या पट्ट्यातल्या यच्चयावत शाळांची सहल तिथंच जायची, आमची तेवढी कधी निघाली नव्हती. श्रावणी सोमवारी सगळं गाव जायचं. मी मात्र सातवीत येईपर्यंत गेले नव्हते. श्रावणात आमचं किराणा दुकान जोरात चालायचं, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाच्या वेळेत साक्षात महादेव आला असता तरी त्याला जरा पायरीवर बसायला सांगितलं असतं.

गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. त्या साली लातूर नवा जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं होतं, पण रंग इतका पातळ लावला होता की दोन्ही जिल्हे एकावर एक दिसायचे. त्याच साली मुरुडकडच्या एक तरुण बाई आम्हाला शिकवायला आल्या. भूगोलाच्या तासाला त्या म्हणाल्या, "नकाशात कशाला बघता? बेटावर चला, नवा जिल्हा वरून दाखवते." आम्ही नऊ मुली होतो. नऊच्या नऊ जणींनी हात वर केले.

घरी सांगितलं तर कोणी म्हणालं नाही की डोंगरावरून पडाल, साप निघेल, उन्हाचा तडाखा बसेल. नऊ घरांत एकच सवाल निघाला: "पाणी कोण भरून ठिवणार?"

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. फाल्गुनातच विहिरी तळाला गेल्या होत्या आणि गाव टँकरवर आलं होतं. टँकर साधारण दहाला यायचा, पण त्याच्या मर्जीनं. पहाटेच सगळ्यांच्या रिकाम्या घागरी पारापासून रांगेत लागायच्या. घागर जागा धरते, हे सगळे मानायचे. पण टँकर आला की घागरीमागं माणूस हवा. माणूस नसेल तर घागर पायानं बाजूला सरकवायची, असा दंडक होता. एका माणसाला दोन घागरी. हा दंडक बायकांनी घातला होता, आणि मी सांगते, कोणत्याही जिल्ह्याच्या कचेरीत इतका कडक कायदा चालत नसेल. रांगेत उभ्या राहायच्या त्या बायका आणि पोरी. पुरुष सायकलला घागरी अडकवून लांबच्या मळ्यातनं जनावरांपुरतं गढूळ पाणी आणायचे, पण पारावरच्या रांगेत पुरुष उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता.

म्हणून आमच्या सहलीची तयारी म्हणजे भाकरीची नव्हती, माणसांची होती. कोणी मावशीला गळ घातली. एकीनं थोरल्या बहिणीला आपली नवी रिबीन देऊन टाकली. माझ्या घरी तर माणूसच नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, पंधरा दिवसांची बाळंतीण. तान्ह्याचे कपडे, शेक, अंघोळ, सगळं पाण्याचंच काम. त्या घरात एक दिवस टँकर चुकणं म्हणजे काय, ते मला बाराव्या वर्षीही कळत होतं. शेवटी शेजारच्या काकूंच्या पाया पडले. त्यांच्या घरी त्या आणि सून अशा दोघी होत्या, आणि घागरी तीन. काकू म्हणाल्या, "जा गं. तुमची एक घागर सून बघंल. एका घागरीवर भागवा म्हणावं एक दिवस."

एका घागरीचा प्रश्न सुटला, पण आमच्या घरात आणखी एक पाणी होतं. अप्पा रोज सकाळी लिंगपूजा करायचे, आणि पूजा झाल्याशिवाय त्यांच्या तोंडात अन्न तर नाहीच, पाण्याचा घोटही जायचा नाही. पूजेचं पाणी मडीचं लागायचं, म्हणजे घरच्या माणसानं अंघोळ करून, धुतलेलं नेसून आणलेलं आणि वेगळं ठेवलेलं. ते मी आणायची. टँकर कुठून भरला, कोणी भरला, ही चौकशी अप्पा करत नसत. मडी आपल्या घागरीपासून सुरू होते, असं त्यांनी दुष्काळात परस्पर ठरवून टाकलं होतं. मी त्यावर एकदा हसले होते, तेव्हा वजनाचं माप माझ्या कानावरून गेलं होतं. अप्पांचा राग असा होता.

सहलीच्या आदल्या दिवशी मी फार हुशारी केली. दोन दिवसांचं मडीचं पाणी एकदम आणलं. रोजच्या कळशीत ते मावेना, म्हणून प्यायच्या पाण्याची तांब्याची घागर चिंचेनं लख्ख घासली, मडीचं पाणी त्या घागरीत ठेवलं आणि प्यायचं पाणी कळशीत ओतलं. संध्याकाळी अप्पांनी नेहमीसारखं बेलाचं पान त्या पाण्यात टाकलं. सगळी व्यवस्था केल्याचा असा काही माज मला आला होता की अव्वाला म्हणाले, "बघ, माझ्यावाचून काही अडून न्हाई राहिलं."

पहाटे उठले. बाळ जागं होईल म्हणून दिवा लावला नाही. धपाटी आणि शेंगाची चटणी रात्रीच बांधून ठेवली होती. राहिलं होतं प्यायचं पाणी. दुधाची मोठी किटली घेतली, अंधारात रोजच्या सवयीनं घागरीवरचं झाकण काढलं आणि स्वयंपाकातला तांब्या आत बुडवून किटली भरून घेतली. अंघोळ न करता. अप्पा ओट्यावर पांघरूण घेऊन निजले होते. त्यांच्या शेजारून पाय न वाजवता गेले आणि पारावर जाऊन आमची घागर रांगेत लावून मुलींना सामील झाले.

बेट चढायला तासभर लागला. अर्ध्यावर पायऱ्या आहेत, मग नुसता मुरूम. पळसाच्या झाडांना पान नव्हतं, नुसती लाल फुलं. आम्ही एकमेकींना ओढत, हसत, धापा टाकत वर पोचलो आणि देवळामागच्या खडकावर गेलो. वारा असा की ओढण्या गोळा करता करता पुरेवाट. बाईंनी हात लांब करून दाखवलं: हा आपला जिल्हा, आणि तो ओढा ओलांडला की पलीकडं मुखेड, नांदेड जिल्हा. आम्ही डोळे फाडून बघितलं. नकाशात दोन जिल्ह्यांच्या मधे चांगली जाड रेघ होती, इथं काहीच नव्हतं. इकडची काळी रानं आणि तिकडची काळी रानं सारखीच उन्हात पडली होती. एक जण म्हणाली, "बाई, नवा म्हणल्यावर हिरवा तरी असायला पायजे व्हता." बाईंना हसू आवरेना.

मग सगळ्यांना तहान लागली. माझी किटली सगळ्यांत मोठी, म्हणून मी ऐटीत पुढं झाले. मुलींच्या ओंजळीत पाणी ओतता ओतता किटलीच्या तोंडाशी काहीतरी अडकलं. बोटानं काढलं तर बेलाचं पान.

घागर डोळ्यांपुढं आली. एव्हाना अप्पांनी अंघोळ करून पूजेला बसताना झाकण काढलं असेल. घागरीत अजून निम्मं पाणी असणार, स्वच्छ, गार. पण त्यात मी पारोशा हातानं खरकटा तांब्या बुडवला होता. त्यातला थेंबही पूजेला चालणार नव्हता. दुसरं पाणी टँकर आल्यावर मिळणार, आणि तेही घरच्या माणसानंच आणायला हवं. घरचं माणूस डोंगरावर येऊन बसलं होतं. टँकर येईपर्यंत अप्पा तहानलेले राहणार, घरात पाणी असून.

बाईंना सांगितलं. त्यांना आधी कळेचना. "घरात पाणी आहे ना?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मुलींना मात्र एका शब्दात कळलं. ज्या माझ्या किटलीतलं पाणी प्यायल्या होत्या, त्या तोंड पुसायला लागल्या. मी म्हणाले, "मी जाते खाली." बाई म्हणाल्या, "एकटीला सोडणार नाही. आणि आता तू पोचून तरी काय होणार? टँकर दहाला येतो म्हणतेस, आता साडेदहा झाले. आलाही असेल."

पण तो आला नव्हता. आमचं गाव खडकावरून स्पष्ट दिसत होतं. पार दिसत होता, पाराजवळ माणसांचे ठिपके दिसत होते. उदगीरकडून येणारा कच्चा रस्ता पांढऱ्या दोरीसारखा मोकळा पडला होता. मी त्या रस्त्याकडं तोंड करून बसले. धपाटी सोडली नाहीत. पाणी प्यायले नाही. बाप पाण्यावाचून आहे तर मीही राहीन, एवढंच माझ्या हातात होतं. बाई रागावल्या, "वेडी आहेस का, चक्कर येऊन पडशील." मी ऐकलं नाही. तापटपणा मला अप्पांकडूनच आला आहे.

अकरा वाजले, बारा वाजले. बाकीच्या आठ जणी देऊळ बघून आल्या, चिंचा पाडून आल्या, आणि एकेक करून माझ्या शेजारी येऊन बसल्या. प्रत्येकीची घागर त्या रांगेत होतीच. जिथं माणसं चहूकडचा मुलूख बघायला येतात, तिथं आम्ही नऊ जणी एका रिकाम्या रस्त्याकडं बघत होतो. एक वाजून गेल्यावर लांब वळणावर धुरळा उठला. कोणीतरी म्हणालं, "यस्टी असंल." यस्टी नव्हती. धुरळ्याच्या पुढं टँकरचं गोल टाकं उन्हात चमकलं आणि आम्ही अशा काही ओरडलो की देवळातले गोसावीबुवा बाहेर आले. खाली ठिपके हलले, रांग झाली. त्यातला कोणता ठिपका कोण, ते इतक्या वरून कळत नव्हतं. तेव्हा कुठं मी पाणी प्यायले, आणि रडले.

परत येताना माझ्या डोक्यात एकच होतं, आता मार. दिवेलागणीला गल्लीत शिरले तर काकू दारातच. त्यांना हसू दाबता येत नव्हतं. "अगं, तुझा बाप आज आमच्या रांगंत हुता! दुकानाला कुलूप लावून, वलं धोतर नेसून, हातात घागर. सक्काळी सातपासून येक वाजंपातूर. पारावरच्या बाया म्हनल्या, अप्पा, पदर घ्या डोक्यावर, ऊन लागंल. मी म्हनलं, अप्पा, येवढी घागर माझी सून धरंल, तुमी सावलीला बसा. तर म्हनले, न्हाई, टँकर कवाबी यील, घागरीमागं मानूस पायजे, कायदा सगळ्यास्नी सारखा. पान्याचा घोट न्हाई पोटात, पर हालले न्हाईत बग."

गावात ज्यांच्यासमोर मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची, ते माझे वडील सहा तास बायकांच्या रांगेत चेष्टा ऐकत, तहानलेले उभे होते. माझ्या एका तांब्यामुळं. मला जमीन दुभंगावी असं झालं.

दुकान पुन्हा उघडलं होतं. अप्पा गूळ फोडत बसले होते. कपाळावर विभूती होती, म्हणजे पूजा झाली होती, पण ओठ फुटलेले दिसत होते. मी पायरीखालीच उभी राहिले.

"आलीस? पाय दुखून राहिले का?"

"न्हाई."

"बाईनं जिल्हा दावला?"

मी एका दमात म्हणाले, "अप्पा, मडीचं पाणी मी बाटवलं. अंधारात कळलं न्हाई. घागर मीच बदलली व्हती."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तू घराबाहेर पडल्या पडल्या उठलो मी. झाकण वलं दिसलं, तांब्या शेजारी पडलेला. भाईर येऊन बघितलं तर तू पारापशीच व्हतीस, पोरींसंगं हसून राहिलीस."

पार आमच्या ओट्यापासून वीस पावलांवर होता. एक हाक पुरली असती. मी अंघोळ करून परत रांगेत उभी राहिले असते, आणि गावात कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं.

"मग हाक का न्हाई मारली?"

अप्पांनी गुळाचा खडा उचलला, माझ्या हातावर ठेवला.

"हाक मारली असती," ते म्हणाले, "तर तू माघारी आली असतीस."